बंद दाराला नवी कव्हरं

मामाच्या साठ कार्डांपैकी चार कार्डांना मी नवी कव्हरं घातली, आणि त्यामुळे भरल्या हॉलमध्ये मामा चोर ठरता ठरता राहिला. खरं तर मी उपकार करायला गेलो होतो. माझे बहुतेक घोटाळे उपकारातूनच होतात.

कार्डांच्या खेळाच्या स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मामा अडकला होता. मामा लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे तो अडकलाय म्हटलं की घरात आधी विचारतात, "कामात की लिफ्टमध्ये?" त्या दिवशी कामात होता. तिथून त्याने मला फोन केला. "भाच्या, माझ्या गठ्ठ्यातल्या एका कार्डाचं प्लास्टिकचं कव्हर कोपऱ्यात फाटलंय. कपाटात त्याच काळ्या कव्हरांचं उरलेलं पाकीट आहे. तेवढं एक बदल. बाकी कशाला हात लावू नकोस."

शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं, नाही असं नाही. पण फाटलेल्या कव्हरातल्या कार्डाची गठ्ठ्यात आणखी तीन भावंडं निघाली, हुबेहूब. चौघांत एकालाच नवे कपडे आणि बाकीच्या तिघांनी जुन्यात फिरायचं, हे काही मला बरं दिसेना. मी घरात धाकटा, थोरल्याच्या उतरलेल्या शर्टांत वाढलेला. ही गोष्ट मला लागते. मी चौघांनाही नवी कव्हरं घातली, गठ्ठा डबीत ठेवला आणि मामाला सांगितलं नाही. म्हटलं, बघेल तेव्हा खूश होईल.

आता हा माझा मामा लिफ्टमधून कार्डांत कसा उतरला ते सांगतो. लिफ्टच्या दाराशी जी फट असते तिच्यातून माणसांच्या किल्ल्या, कानातली, एकदा तर कुणाची तरी खालची कवळी, असं काय काय तळाच्या खड्ड्यात पडतं. खाली उतरून ते शोधून देणं मामाच्या कामात धरलेलं नाही, पण तो देतो. एकदा त्याला तिथे एक कार्ड सापडलं. त्यावर राक्षस नाही, तलवार नाही, नुसतं एक बंद दार. इमारतीत सगळ्यांना विचारून झालं, कुणी आपलं म्हणेना. चित्राखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की हे कार्ड टेबलावर आहे तोवर समोरच्याला नवीन कुणालाही आत आणता येणार नाही. मामाने ते उभ्याउभ्या पुन्हा पुन्हा वाचलं आणि म्हणाला, "च्यायला, ही तर आपलीच लाईन आहे."

तसली आणखी कार्डं विकत घेऊन त्याने साठांचा आपला गठ्ठा लावला, आणि तेव्हापासून तो खेळतोय. पन्नाशीला टेकलेला माणूस, टक्कल, गुडघे करकरतात, आणि दर रविवारी दुकानाच्या माळ्यावर कॉलेजातल्या पोरांसमोर मांडी घालून बसतो. पोरं त्याला 'लिफ्टवाले काका' म्हणतात आणि त्याच्याशी खेळायला टाळतात. कारण मामाची खेळायची पद्धत एकच: समोरच्याला अडकवून ठेवायचं. त्याला काही करू द्यायचं नाही, आपणही फारसं काही करायचं नाही, शेवटी समोरचा कंटाळून हरतो. आठवडाभर अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं आणि रविवारी चांगल्या मोकळ्या माणसांना कोंडून घालायचं. मामी म्हणते, "कुठेतरी निघायलाच हवं ना ते. माझ्यावर काढत नाहीत हे नशीब."

मामी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर लोकांचं अगम्य अक्षर वाचते, म्हणून घरी तिला सगळं स्पष्ट लागतं. तिचे वडील आता एकटे राहू शकत नव्हते, ते इकडे राहायला येणार होते. त्यांचे कपडे, औषधं, वाफ घ्यायचं यंत्र ठेवायला घरात एकच जागा होती: बाहेरच्या खोलीतलं कपाट. आणि ते वरपासून खालपर्यंत मामाच्या खोक्यांनी भरलेलं.

जेवताना मामीने निकाल लावला. "या स्पर्धेत पहिल्या आठात आलात तर कपाट तुमचं. बाबांचं सामान मी बॅगेत ठेवीन, कुरकुर करणार नाही. नाही आलात, तर खोके बाहेर आणि पत्ते कुटणं बंद. कबूल?"

"कबूल," मामा म्हणाला. "पण त्यांना पत्ते म्हणू नकोस."

"मग काय म्हणू, वर्तमानपत्रं?"

तर असं ते कपाट डोक्यावर घेऊन आम्ही सकाळी हॉलवर पोचलो.

हॉल लग्नकार्याला देतात तसला, पण लग्नात निदान नवरा कोण ते कळतं. इथे लांबच लांब टेबलं, त्यांवर आकडे, आणि साठेक माणसं एकमेकांसमोर माना खाली घालून बसलेली. सगळ्यांचे हात सतत कार्डं पिसताहेत. मिळून आवाज असा, की हजार कबुतरं एकाच वेळी पंख झाडताहेत आणि उडत मात्र एकही नाही. भिंतीवर मोठं घड्याळ उलटं पळत होतं. काळ्या शर्टातले पंच टेबलांमधून परीक्षेतल्या मास्तरांसारखे फिरत होते. माझ्यासारख्या फुकट्यांसाठी एक दोरी बांधली होती, तिच्या अलीकडे उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही.

मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण माणसं कळतात असा माझा समज होता. तोही तिथे फिटला. जिंकलेला माणूस हरलेल्याची माफी मागत होता. हरलेला "मस्त खेळलात" म्हणत होता, आणि चेहरा असा की आता उलटी होईल. हरला तरी सहाही फेऱ्या सगळ्यांनी खेळायच्या, शेवटी गुणांवर पहिले आठ. फेरी संपली की हरलेले दोरीपाशी येऊन दिसेल त्याला आपली कहाणी सांगायचे. एकाने मला गाठलं. "माझ्याकडे दलदल होती, बरं का. दोन दलदली! आणि त्याने लोहार आणला. वरून! बोला आता."

मी काय बोलणार. "मग डॉक्टर काय म्हणाले?" असंच तोंडात आलं होतं, ते गिळून "फारच वाईट" म्हटलं. त्याला तेवढंच हवं होतं. माझा हात दाबून तो पुढच्या माणसाकडे वळला.

मामा मात्र जिंकत होता. पहिली फेरी, दुसरी, तिसरी, चौथी. शेजारच्यांचे सामने संपून ते चहा पिऊन परत यायचे तरी मामाच्या समोरचा डोकं धरून बसलेला असायचा. चौथ्या फेरीनंतर मामा दोरीपाशी आला. डोळे चमकत होते.

"भाच्या, आज हात काय लागलाय! पान उचलायच्या आधीच वाटतं, दार येणार. आणि येतं की रे दार!"

"मग! म्हटलं नव्हतं मी?" मी म्हणालो. मी काहीच म्हटलं नव्हतं.

पाचव्या फेरीत त्याच्यासमोर एक बाई आली. मोटार चालवायला शिकवते, असं तिनेच बसता बसता सांगितलं. शिकाऊ माणसाच्या शेजारी शांत बसून वेळ आली की ब्रेक दाबायचा, हा तिचा धंदा. मनात मी तिचं नाव ब्रेकबाई ठेवलं. तिने मामाचा गठ्ठा पिसायला घेतला, कारण समोरच्याचा गठ्ठा आपण पिसून द्यायचा अशी रीत आहे. पिसता पिसता थांबली. गठ्ठा डोळ्यांसमोर आडवा धरला. मग तो हळूच खाली ठेवला आणि हात वर केला.

"पंच."

पंच आला. हळू आवाजाचा माणूस, रिपोर्ट वाईट आलाय हे सांगायला ठेवतात तसला. त्याने मामाची साठही कार्डं दिव्याखाली पालथी मांडली. छप्पन्न काळी मिचकूट, हाताळून हाताळून मंद पडलेली. आणि चार अशी चकाकताहेत, जशी नव्या बुटांत शाळेत आलेली पोरं. पंचाने ती चार उलटली.

दार. दार. दार. दार.

आजूबाजूची कबुतरं एकदम थांबली. पालथ्या गठ्ठ्यात आपली सगळ्यात भारी कार्डं ओळखू येणं म्हणजे या लोकांत काय, ते मला तेव्हा कळलं. मामा त्या चार दारांकडे बघत होता आणि त्याला काहीही समजत नव्हतं. खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही वाटलं, मामाने लबाडी केली. मग आठवलं की ही लबाडी माझी आहे.

मी दोरी ओलांडली. "साहेब, ती कव्हरं मी घातलीत! मी मुद्दाम घातलीत!"

आयुष्यात 'मुद्दाम' हा शब्द इतक्या वाईट जागी मी पुन्हा वापरणार नाही.

पंचाने मला बाजूला घेतलं. "मुद्दाम म्हणजे?"

"म्हणजे एकाचंच फाटलं होतं. पण चौघं भावंडं ना ती."

"कोण भावंडं?"

"दारं."

त्याने मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. "तुम्ही स्वतः खेळता का?"

"नाही हो. मी विम्याच्या ऑफिसात आहे."

"हं," तो म्हणाला. "दिसतंय ते."

असा माझा अडाणीपणा मामाच्या कामी आला. पंचाने ठरवलं, ही लबाडी नाही, हलगर्जीपणा आहे. शिक्षा म्हणून फेरीतल्या तीन डावांपैकी पहिला मामा हरला, आणि साठच्या साठ कव्हरं बदलल्याशिवाय पुढे खेळायचं नाही. मी कोपऱ्यातल्या स्टॉलवर धावलो. काळ्या कव्हरांचं शेवटचं पाकीट मिळालं. नेमकी साठ. आम्ही दोघं घाईघाईने कार्डांचे कपडे बदलत होतो. मामा जुन्यातून काढत होता, मी नव्यात घालत होतो. एकोणसाठ झाली. साठावं कव्हर शिवणीत उसवलेलं निघालं.

"हे घ्या." ब्रेकबाईने आपल्या पिशवीतून एक कोरं कव्हर पुढे केलं. तेच काळं, त्याच कंपनीचं. "पण परत द्या हं. एकच आहे म्हणून सोडणार नाही मी."

"देतो, देतो," मामा म्हणाला. तिनेच पकडायचं आणि तिनेच कव्हर द्यायचं, ही कुठली रीत हे मी विचारणार होतो. पण माझ्या तोंडावर माझाच भरवसा उरला नव्हता. त्यानंतरचा डावही ती जिंकली. ब्रेक काय, गाडीच थांबवली तिने.

पाचवी फेरी संपून शेवटची, म्हणजे सहावी, सुरू व्हायच्या आधी मामा स्वच्छतागृहाबाहेरच्या बाकावर जाऊन बसला. मी पाण्याची बाटली घेऊन गेलो.

"मामा, शिव्या तरी दे."

"तुला काय देऊ." तो आपल्या बोटांकडे बघत होता. "मी काय विचार करतोय, हाताला कळत होतं का?"

"काय कळत होतं?"

"गाढवा, पान उचलायच्या आधी मला वाटायचं दार येणार. मी म्हटलं नशीब. नवं कव्हर गुळगुळीत असतं रे. मी आयुष्यभर अंधारात हाताने नट चाचपतोय. कुठला सैल, कुठला घट्ट, न बघता कळतं मला. मग ते चार सामने जिंकलं कोण? मी, की माझी बोटं?"

"बोटं तुझीच आहेत ना?"

"तेच तर कळत नाही," मामा म्हणाला.

मला त्याच्या जागी कपाट दिसत होतं.

शेवटच्या फेरीत त्याच्यासमोर एक पगारी खेळाडू आला. म्हणजे याच्यावरच पोट भरणारा, गावोगाव एक बॅग घेऊन फिरणारा, पाठीवर कसल्यातरी खुर्च्यांची जाहिरात. वय असेल पंचविशीचं, डोळे साठीचे. मामासारखेच त्यानेही चार जिंकले होते, एक हरला होता. बसल्याबरोबर त्याने हात पुढे केला.

"काका, बरोबरी घेऊ या. दोघंही आठात जातो. मी सकाळपासून जेवलो नाहीये."

दोघांनी ठरवून न खेळताच बरोबरी लिहून द्यायची, ही त्यांच्यात राजरोस चालणारी गोष्ट आहे, पंचासमोर, उजळ माथ्याने. हेही मला त्याच दिवशी कळलं. चार कार्डं चकाकली तर गुन्हा आणि सामनाच खेळला नाही तर नियम! पण मी कशाला तक्रार करू. मी दोरीला लटकून मनात ओरडत होतो, घे मामा, घे, हात मिळव आणि कपाट घरी ने.

मामाने हात मिळवला. "नाही," म्हणाला. "खेळू."

"अहो काका, नीट ऐका. बरोबरी झाली तरी तुम्ही आत. हरलात तर बाहेर."

"ऐकलं. मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"मला येतं का ते."

त्या पोराने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मी विम्याच्या ऑफिसात आहे, हे त्याला ओरडून सांगावंसं वाटलं.

मग दोघं खेळले. पहिला डाव पोराने चटकन घेतला, भूक होती त्याला. दुसऱ्या डावात मामाने पहिलं दार लावलं, मग थोड्या वेळाने दुसरं. पोराचे हात टेबलावर नुसते फिरायला लागले, लिफ्ट बंद पडली की माणूस सगळी बटणं दाबतो तसे. त्याला पंख्याचं बटण मिळेना, मला वारा मिळेना. तो डाव मामाने जिंकला. माझं तोंड उघडणार होतं, ते मी दोन्ही हातांनी धरलं. तिसरा डाव सुरू झाला. दोघंही अडकले. पोराने मामाला अडकवलं, मामाने पोराला. टेबलावर इतकी कार्डं आणि एकही हलेना. आणि घड्याळ संपलं.

पंच आला, टेबलाकडे बघितलं, म्हणाला, "वेळ संपली. बरोबरी."

मामा बसूनच राहिला. पोर उठलं. "काका, हीच बरोबरी मी तुम्हाला जेवणाच्या वेळेला देत होतो," एवढं म्हणून ते पायऱ्यांकडे पळालं.

यादी लागली. मामा आठवा. शेवटचा, पण आत. मी त्याला मिठी मारली, तर त्याचे हात लोंबत होते.

"एक डाव जिंकलास की! स्वच्छ कव्हरांनी!"

"एक हरलोही. एक अर्धवट राहिला." तो म्हणाला. "म्हणजे येतं की नाही येत?"

आठांच्या लढतीत पुन्हा ब्रेकबाई समोर आली आणि तिने मामाला फार वेळ न लावता घरी पाठवलं. हात मिळवताना हसून म्हणाली, "माझं एक राहिलंय तुमच्याकडे."

"हो हो, देतो ना." मामाने गठ्ठा हातात घेतला. एक कार्ड बघितलं. दुसरं बघितलं. चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला. साठ काळी कव्हरं, दिवसभराची, एकसारखी.

"कुठलंही द्या हो," ती म्हणाली.

"कुठलंही कसं? तुमचंच द्यायला हवं."

तेवढ्यात तिला पुढच्या सामन्यासाठी पुकारलं. "राहू दे, पुढच्या खेपेला," म्हणत ती गेली.

घरी मामी दारातच उभी. "काय झालं?"

"आठात आला!" मी म्हणालो.

"आलो, पण," मामा म्हणाला, आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. कव्हरं, बोटं, बरोबरी. मामीने ऐकून घेतलं.

"मला एवढंच सांगा. आलात की नाही आलात? बाबा परवा येताहेत."

"कागदावर आलो."

"आणि कागदाबाहेर?"

मामाने माझ्याकडे बघितलं. मी चपला काढण्यात गुंतलो.

शेवटी मामीनेच तोडगा काढला, काउंटरवर दोन गोळ्यांमध्ये घोळ झाला की काढते तसा. "परीक्षा घेऊ. तुमचे डोळे बांधते. जुन्या गठ्ठ्यासारखा गठ्ठा लावा, चार नवी, बाकी जुनी. हाताला कळलं, तर ते जिंकणं खरं नाही, कपाट बाबांचं. नाही कळलं, तर तुमचं."

मामाच्या डोळ्यांना मामीची ओढणी बांधली. जेवणाच्या टेबलावर तो वरचं पान चाचपायचा आणि सांगायचा, "दार." किंवा "दार नाही." मी उलटून बघायचो. कधी बरोबर यायचं, कधी चूक. पहिली दोन दारं त्याने ओळखली, मामीने कपाटाकडे बघितलं. तिसरं हातातून सटकून गेलं, मामाने गालातल्या गालात हसून घेतलं. मग जे दार नव्हतंच त्याला तो छातीठोकपणे दार म्हणाला. चौथ्याला हात लावून इतका वेळ बसला, की मला वाटलं झोपला.

"सांगा ना," मामी म्हणाली.

"मला वाटतंय दार आहे," मामा म्हणाला. "पण ते बोटाला वाटतंय की मला हवंय म्हणून वाटतंय, हे कळत नाहीये."

दारच होतं.

मामीने पानं गोळा करून गठ्ठा मामासमोर ठेवला. मग उठली. "माझ्या काही डोक्यात शिरत नाही. मी बाबांचे शर्ट लावतेय. तुमचं काय ते ठरलं की सांगा." तिने खालचे तीन कप्पे रिकामे करायला घेतले. मामा ओढणी डोळ्यांवर तशीच ठेवून बसला होता. खोके सरकल्याचे आवाज त्याला ऐकू येत होते. हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. वरच्या कप्प्याला मामीचा हात पोचला नाही, की तिने पोचवला नाही, ते मला सांगता येणार नाही. ते खोके अजून तिथेच आहेत. त्यांच्याखाली मामीच्या बाबांचे शर्ट टांगलेले. कपाट कुणाचं, असं कुणी विचारलं तर घरात सगळे दुसरीकडे बघतात.

मामा अजून रविवारी जातो. ब्रेकबाई दुसऱ्या गावच्या स्पर्धेत भेटेल, असं कुणीतरी सांगितलंय. परवा मी गेलो तर तो साठ कार्डं टेबलावर पालथी मांडून, लिफ्टच्या खड्ड्यात वापरतो ती बॅटरी प्रत्येकावर धरून बघत होता. शेजारी मामीचे बाबा नाकाला वाफेचा मास्क लावून, तितक्याच गांभीर्याने वाकलेले.

"मामा, नवं पाकीट घे आणि त्यातलं एक देऊन टाक तिला."

"ते नवं होईल. तिचं नाही."

"अरे पण सगळी सारखीच आहेत!"

"तेच तर," मामा म्हणाला, आणि बॅटरी पुढच्या कव्हरावर सरकवली.